सरळ टाक्याची गोष्ट

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की आमच्या आत्याच्या अंगणातल्या दोरीवर वाकळी पडू लागतात. पावसाळाभर माळ्यावर दडपून ठेवलेल्या, घड्यांत कडुनिंबाचा पाला घातलेल्या त्या वाकळींना एकदा ऊन दिले, की मग खुशाल थंडी पडावी, अशी तिची व्यवस्था. पुणेकर मंडळी हिला गोधडी म्हणतात. आम्हां सातारकडच्यांच्या तोंडी वाकळ हाच शब्द बसलेला आहे. नाव काही असो, वस्तू एकच. जुन्या लुगड्यांचे नि धोतरांचे थर एकावर एक अंथरायचे, कडा दुमडायच्या आणि सगळ्या थरांतून आरपार धावदोरा घालीत जायचे. आधी कडेने एक फेर, त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा, त्याच्या आत तिसरा. असे चौकोनात चौकोन करीत सुई शेवटी मधोमध येऊन थांबते. एवढ्या मोठ्या पांघरुणात टाका मात्र एकच, आणि तोही सरळ.

या एका टाक्यावर आत्याने संसार रेटला. तिचे यजमान ऐन तारुण्यात गेले. पदरी तीन मुले, शेत बेताचे. तेव्हापासून ती गावच्या लोकांच्या वाकळी शिवून देऊ लागली. बाळंतिणीची दुपटी, नव्या नवरीच्या रुखवतातली गोधडी, म्हाताऱ्यांची जाड वाकळ, सारे तिच्याकडे येई. आता तिने सत्तरी ओलांडली आहे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले, तरी सुईच्या नेढ्यात दोरा ओवायला नातवाला हाक मारावी लागते. बोटेही वाकडी झाली आहेत. म्हणून गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास तिच्या सुनेने, म्हणजे आमच्या वहिनींनी, बचत गटाचे कर्ज काढून शिवणयंत्र घ्यायचे ठरवले आणि मला निरोप पाठवला, "वन्सं, तुम्ही शाळा शिकवता, चार बुकं वाचता. दुकानात आमच्यासंगं चला."

आता कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला यंत्रातले काय कळणार? परंतु नणंदेचा मान म्हणून मी गेले. तालुक्याच्या गावी दुकानदाराने आमच्यापुढे एक पांढरे शुभ्र, नाजूक यंत्र मांडले. विजेवर चालणारे, वजनाला हलके. "बाई, यात एकवीस तऱ्हेचे टाके आहेत," तो म्हणाला आणि बटण फिरवून त्याने नागमोडी, वेलबुट्टी, पानाफुलांची टीप कापडाच्या चिंधीवर काढून दाखवली. वहिनींचे डोळे चमकले. आत्याने चिंधी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "छान हाय. पण मला एकच टाका येतो बाबा. तेवढ्यावर दोन पोरी उजवल्या."

दुकानदार हसला, वहिनीही हसल्या. मला मात्र हसू आले नाही. एकवीस टाक्यांचे यंत्र चांगले, की एका टाक्याचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही असे माझ्या मनाने घेतले. "चार दिवसांनी येतो," असे सांगून आम्ही परतलो. त्या चार दिवसांत मी ग्रंथालय धुंडाळले, भाच्याचा मोबाइल धुंडाळला, ओळखीच्या शिंप्याकडे जाऊन बसले. यंत्र निवडायला निघालेली मी एका इतिहासात जाऊन पडले. तोच आज वाचकांना सांगणार आहे.

* * *

शिवणयंत्राचे पहिले पेटंट लंडनच्या टॉमस सेंट या सुतारकाम करणाऱ्या कारागिराने १७९० साली घेतले. त्याला चामडे शिवायचे होते. आधी अरीने भोक पाडायचे, मग त्यातून दोरा खाली न्यायचा, अशी त्याची योजना. पण ते पेटंट इतर भारंभार गोष्टींच्या नोंदींत गाडले गेले आणि १८७४ साली एका शोधकाच्या नजरेस पडेपर्यंत जगाला त्याचा पत्ता नव्हता. सेंटचा टाका साखळीचा होता. साखळीटाका म्हणजे काय हे ज्यांनी धान्याचे किंवा सिमेंटचे पोते उघडले आहे त्यांना सांगायला नको. नेमका दोरा हाती लागला, की एका ओढीसरशी पोत्याचे तोंड सर्रकन उघडते. पोत्याला हा गुण शोभतो, पांघरुणाला नाही.

त्यानंतर चाळीस वर्षांनी फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिये नावाच्या गरीब शिंप्याने लाकडाचे यंत्र केले. त्याचाही टाका साखळीचाच, परंतु ते यंत्र खरोखर चालत होते. १८३० साली त्याला पेटंट मिळाले आणि पॅरिसमध्ये सैनिकांचे गणवेश शिवण्यासाठी ऐंशी यंत्रांचा कारखाना उभा राहिला. १८३१ सालच्या जानेवारीत पॅरिसच्या शिंप्यांचा जमाव त्या कारखान्यावर चालून गेला आणि त्यांनी यंत्रांचा चुराडा केला. आपल्या पोटावर पाय येणार हे त्यांना दिसत होते. तिमोनिये जीव घेऊन पळाला. पुढेही तो यंत्रे सुधारीत राहिला, आणि १८५७ साली दारिद्र्यातच वारला.

लहानपणी अशा गोष्टी वाचताना आपण शोधकाच्या बाजूने असतो. जमाव म्हणजे अडाणी, असे आपले मत ठरलेले असते. परंतु ही हकीकत वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आत्या होती. ओसरीवर पाय पसरून, मांडीवर वाकळ घेऊन, दिवसाला हातभर काम सरकवणारी. पॅरिसच्या त्या शिंप्यांना मी मनातल्या मनातही वेडे म्हणू शकले नाही.

याच काळात अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी वॉल्टर हंट नावाचा एक विलक्षण कल्पक गृहस्थ होता. १८३४ च्या सुमारास त्याने एक युक्ती काढली, आणि आजचे प्रत्येक घरगुती यंत्र त्या युक्तीवर चालते. आपल्या हातसुईचे नेढे मागच्या टोकाला असते. हंटने ते पुढच्या, टोचणाऱ्या टोकाशी आणले. सुई कापडाच्या पलीकडे सबंध जाण्याची गरजच उरली नाही. ती दोऱ्याचा एक फास पलीकडे देते, आणि त्या फासातून दुसऱ्या दोऱ्याचा धोटा निघून जातो. विणकराच्या मागावर धोटा फिरतो तसाच. वरचा एक, खालचा एक, अशा दोन दोऱ्यांची कापडाच्या जाडीत गुंतवण होते. हीच आपली यंत्राची टीप.

हंटने या शोधाचे पेटंट त्या वेळी घेतले नाही. असे सांगतात, की त्याने आपल्या मुलीला या यंत्रावर कपडे शिवण्याचा धंदा काढायला सुचवले, तेव्हा ती म्हणाली, की याने हातशिवणाऱ्या गरीब बायकांचे काम जाईल. बापाने तो विषय सोडून दिला. याच हंटने पुढे १८४९ साली सेफ्टी पिनचे पेटंट घेतले आणि ते चारशे डॉलरना विकून टाकले. आपल्या बायकांच्या बांगडीला अडकवलेली ती पिन या माणसाची. एकीकडे त्याने शिवणाऱ्यांची काळजी वाहिली आणि दुसरीकडे न शिवता काम भागवण्याची सोय करून ठेवली, याची मला मोठी मौज वाटते.

हंटने सोडलेला धागा एलियास होवने उचलला. होव मॅसॅच्युसेट्समधला यंत्रकामगार. प्रकृती तोळामासा, कमाई अपुरी. त्याची बायको लोकांचे शिवणकाम घरी आणून कसेबसे भागवी, आणि तो अंथरुणावर पडून तिचा चाललेला हात पाहत राही, असे त्याचे चरित्रकार सांगतात. नेढे टोकाशी असावे हे त्याला स्वप्नात सुचले, भालेकरी त्याच्यावर चाल करून आले आणि त्यांच्या भाल्यांच्या पात्यांना भोके होती, अशी एक आख्यायिकाही आहे. ती खरी असो वा नसो, यंत्र खरे होते. १८४५ साली बॉस्टनमध्ये त्याने पाच तरबेज शिवणकामकरी मुलींशी पैज लावली. प्रत्येकीला एक शिवण, याला एकट्याला पाच, आणि हा आधी उठला. १० सप्टेंबर १८४६ रोजी त्याला पेटंट मिळाले.

गिऱ्हाईक मात्र मिळेना. तो इंग्लंडला गेला, तिथे हक्क अडीचशे पौंडांना विकला, नोकरी केली, ती सुटली. खिसा रिकामा घेऊन अमेरिकेत परतला तेव्हा बायको क्षयाने अखेरच्या घटका मोजीत होती. ज्या हाताला विसावा मिळावा म्हणून सारी खटपट, तो हात यंत्राचा उपयोग पाहायला उरलाच नाही.

आणि परत येऊन पाहतो तो काय, बाजारात त्याच्या युक्तीची यंत्रे भराभर विकली जात होती. त्यांतला सर्वांत धडाडीचा विक्रेता आयझॅक मेरिट सिंगर.

* * *

सिंगर हा मूळचा नाटकवाला. फिरत्या नाटक मंडळीत कामे करायची, अधूनमधून यंत्रे तयार करायची. १८५० साली बॉस्टनच्या एका कारखान्यात दुरुस्तीला आलेले शिवणयंत्र त्याने पाहिले आणि त्यातले दोष ओळखून अकरा दिवसांत नवा नमुना उभा केला, अशी कथा आहे. १२ ऑगस्ट १८५१ रोजी त्याला पेटंट मिळाले.

त्याने केले काय, हे वाकळीच्या दृष्टीने पाहिले तर चटकन कळते. होवच्या यंत्रात सुई वाकडी आणि आडवी चाले. कापड एका पट्टीला टाचून उभे टांगावे लागे. पट्टीची लांबी संपली की थांबून पुन्हा टाचायचे. त्या यंत्रावर लहानशी शिवण ठीक, पण वाकळ शिवण्याची कल्पनाही करवत नाही. सिंगरने सुई सरळ उभी केली, तिच्याखाली सपाट पाट दिला, कापड उचलले जाऊ नये म्हणून त्यावर दाबाचा पाय बसवला, आणि फिरवायला पायटा दिला. शिवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे झाले. कापड हवे तसे, हवे तितके फिरवता येऊ लागले. यात भर पडली ॲलन विल्सन या सुताराच्या कल्पनांची. पाटाखालून डोकावणारे ते दाते, वर येतात, कापड एक टाका पुढे ढकलतात, खाली बुडतात आणि मागे येऊन पुन्हा डोके वर काढतात. ती चौपदरी चाल विल्सनची, १८५४ सालची. धोट्याच्या जागी गरगर फिरणारा आकडाही त्याचाच, १८५१ चा.

मग सुरू झाली कोर्टबाजी. होवने सर्वांवर दावे लावले आणि १८५४ साली तो जिंकला. एकाचे नेढे, दुसऱ्याचे दाते, तिसऱ्याचा पाय. कोणालाही दुसऱ्याच्या हक्कावाचून पुरे यंत्र बनवता येईना. अखेर १८५६ साली मुख्य कारखानदारांनी व होवने आपापली पेटंटे एकत्र केली. होवला प्रत्येक यंत्रामागे ठरावीक रक्कम मिळू लागली आणि तो धनाढ्य झाला. १८६७ साली त्याच्या पेटंटाची मुदत संपली, आणि त्याच वर्षी तोही गेला.

याच १८५६ साली सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने आणखी एक शोध लावला. त्यात सुई नव्हती की दोरा नव्हता. तो शोध म्हणजे हप्ता. थोडे पैसे आधी द्या, यंत्र घरी न्या, उरलेले महिन्याच्या महिन्याला द्या. आमच्या वहिनी बचत गटाच्या वहीत जो आकडा मांडीत होत्या, त्याचा मूळपुरुष हा.

यंत्र घराघरांत गेल्यावर अमेरिकेतल्या बायकांनी आपल्या गोधड्याही त्यावर शिवायला घेतल्या. त्यांच्याकडे दोन कापडांच्यामध्ये कापूस घालून वर टीप मारायची चाल आहे. त्या काळच्या काही गोधड्यांवर यंत्राची टीप मुद्दाम दर्शनी बाजूला, उठून दिसेल अशी घातलेली आढळते. यंत्र म्हणजे घराची शान. ती दाखवायला नको का? आज तिथे आणि इथेही हाताच्या टाक्याला अधिक भाव येतो. दुर्मीळ होईल ते मिरवावे, असा माणसाचा स्वभावच दिसतो.

* * *

हिंदुस्थानात हे यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. सिंगर कंपनीचा इथला कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी अनेक वर्षे पाहिला. हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोन एवढा त्यांचा मुलूख. काम सोपे नव्हते. लुगडे, धोतर, उपरणे, पागोटे ही सारी मागावरून उतरली की थेट अंगावर चढणारी वस्त्रे. ज्या देशात निम्मे कपडे शिवावेच लागत नाहीत तिथे शिवणयंत्र विकायचे!

हे वाचताना मला वाकळ नव्याने दिसली. लुगडे आपला सारा जन्म सुईवाचून काढते. ते विरते, फाटते, नेसण्याजोगे राहत नाही, तेव्हा कुठे त्याची सुईशी गाठ पडते. आत्याचे सगळे काम वस्त्राच्या म्हातारपणाशी होते. आणि विरलेल्या कापडाचा स्वभाव नव्या कापडासारखा नसतो. ते मऊ असते, ताण सोसत नाही, सुईच्या धक्क्याने फाटू शकते. यंत्र निवडताना ही गोष्ट मला फार उपयोगी पडली.

स्वदेशी यंत्राची सुरुवात कलकत्त्याची. १९३५ साली तिथे बिशनदास बसील यांनी शिवणयंत्र तयार केले आणि त्याला आपल्या मुलीचे, उषेचे, नाव दिले. पुढे दिल्लीचे लाला श्रीराम यांच्या हाती तो कारखाना गेला आणि 'उषा' घरोघर पोचली. लुधियानाही या धंद्याचे मोठे केंद्र बनले.

पण हिंदुस्थानात या यंत्राला मिळालेले सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र गांधीजींचे. १९२४ साली दिल्लीत शांतिनिकेतनच्या रामचंद्रन् नावाच्या विद्यार्थ्याने त्यांना विचारले, की आपण सगळ्याच यंत्रांच्या विरुद्ध आहात काय? गांधीजींनी सांगितले, की आपला विरोध यंत्राच्या वेडाला आहे. आणि अपवाद म्हणून त्यांनी नाव घेतले ते सिंगरच्या शिवणयंत्राचे. बायकोचे कंटाळवाणे शिवणकाम पाहून सिंगरला कळवळा आला आणि प्रेमापोटी त्याने हे यंत्र शोधले, असे ते म्हणाले. विद्यार्थीही हुशार. त्याने विचारले, की मग ही यंत्रे बनवणारे कारखाने लागतीलच ना? गांधीजींनी ते कबूल केले, मात्र असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत अशी पुस्ती जोडली.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे थोडे थांबावे लागते. खरा सिंगर पत्नीप्रेमाचा नमुना नव्हता. त्याचे एकाहून अधिक संसार होते आणि मुले विसाच्या वर. अमेरिकेत बभ्रा झाला तेव्हा तो युरोपात निघून गेला आणि १८७५ साली इंग्लंडात, डेव्हन परगण्यातल्या आपल्या वाड्यात वारला. गांधीजींनी सांगितलेली कथा सिंगरपेक्षा होवला अधिक शोभते. परंतु नाव चुकले म्हणून विचार चुकत नाही. माणसाचा हात निकामी करणारे यंत्र वेगळे आणि शिणलेल्या हाताला टेकू देणारे वेगळे, एवढेच त्यांना सांगायचे होते. आमच्या घरात प्रश्न नेमका हाच होता.

* * *

आता निवडीकडे वळू. ओळखीच्या शिंप्याने मला यंत्राचा पाट उघडून शिकवले ते असे.

नागमोडी टीप घालणाऱ्या यंत्रात सुई डावी-उजवीकडे डुलते. म्हणून तिच्याखालच्या पोलादी पट्टीला भोकाऐवजी आडवी लांबट फट ठेवावी लागते. मऊ, विरलेले कापड सुईबरोबर त्या फटीत खाली खेचले जाते, चुरगळते, कधी टाका चुकतो. फक्त सरळ टीप घालणाऱ्या यंत्राच्या पट्टीला सुईपुरते एकच गोल भोक असते. चारही बाजूंनी कापडाला आधार मिळतो. शिवाय सुईच्या दांडीला डुलायचे नसल्यामुळे ती खिळखिळी होण्याचा संभव कमी. एकच काम करायचे असल्याने ते नेटके होते.

दुसरी गोष्ट जागेची. सुईपासून यंत्राच्या उजव्या खांबापर्यंत जी पोकळी असते, तिच्यातून गुंडाळलेली वाकळ न्यायची असते. त्या पांढऱ्या यंत्रात ही जागा जेमतेम वीतभर होती. परकरपोलक्याला ठीक; चार हात लांब वाकळीची गुंडाळी तिथे अडकणारच. अमेरिकेतल्या गोधडीवाल्या बायकांचे लाडके एक यंत्र आहे. सिंगरने १९३३ च्या सुमारास काढलेले, ॲल्युमिनियमचे, पाच किलोंचे, हाती धरून नेण्याजोगे. तेही सरळ टाक्याचेच आणि टीप मोत्यांसारखी. पण त्याची मान लहान. तुकडे जोडायला उत्तम, जाड वाकळीला नव्हे.

तिसरी गोष्ट दाबाच्या पायाची. तो पुरेसा उंच उचलला गेला पाहिजे आणि त्याचा दाब वरच्या स्क्रूने कमी करता आला पाहिजे. खालचे दाते तळचा थर पुढे ढकलतात, वरचा पाय वरचा थर मागे धरून ठेवतो. दाब जास्त असला की थर सरकतात आणि शेवटी वरच्या लुगड्याला चुण्या पडतात. त्यावर उपाय दोन. सारे थर आधी मोठ्या कच्च्या धावदोऱ्याने टाचून घ्यावे, आणि टीप मध्यावरून सुरू करून कडेकडे जावे. आत्या कडेकडून मध्याकडे जाते, यंत्र मध्याकडून कडेकडे. हाताने शिवताना बोटे वाटेत चुणी मोडतात; यंत्राला बोटे नाहीत, त्यामुळे चुणी बाहेर पडायला वाट ठेवावी लागते.

चौथी गोष्ट, चालवायचे कशावर. हातमशीनला एक हात चाकात अडकतो. वीज आमच्या गावी पाहुण्यासारखी येते-जाते. तेव्हा पायटा बरा. आणि पाचवी, सर्वांत साधी: सुया, बॉबिनी आणि दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या बाजारात मिळतो की नाही. ज्या यंत्राचा एक प्लॅस्टिकचा दाता तुटला तर मुंबईला पाठवावे लागते, त्याने कर्जाचे हप्ते कसे फिटायचे?

हे सारे ऐकवून शिंपी म्हणाला, "बाई, माझ्या वडिलांचं आहे. मुलगा नोकरीला लागला, आता बसणार कोण? घेऊन जा." दुकानाच्या कोपऱ्यात कापडाखाली ते उभे होते. काळे, लोखंडी, सोनेरी वेलबुट्टी पुसून गेलेले; सिंगरचे 'एकतीस के', खास शिंप्यांसाठी केलेले सरळ टाक्याचे यंत्र. पाटावरच्या नंबराच्या आधी दोन अक्षरे होती, पहिले इंग्रजी 'ई'. म्हणजे हे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याचे. तो कारखाना १८८५ साली उघडला. १९११ साली तिथल्या कामगारांचा मोठा संप झाला. १९४१ च्या मार्चमध्ये जर्मन विमानांनी ते गाव भाजून काढले. आणि १९८० साली कारखाना कायमचा बंद पडला. शेजारच्या रेल्वे स्टेशनचे 'सिंगर' हे नाव तेवढे अजून आहे. ज्यांनी हे लोखंड ओतले त्यांची भाकरी गेली, आणि लोखंड मात्र सातारच्या बाजारात अजून शिवते आहे.

मी सुईपासून खांबापर्यंत हात टाकून पाहिला. वीत भरून वर दोन बोटे जागा उरली.

दुसऱ्या दिवशी आत्याला आणि वहिनींना घेऊन गेले. आत्याने येताना जुन्या लुगड्याचे तुकडे आणले होते. चार थर घडी करून शिंप्याने पायाखाली ठेवले. वर लाल दोरा, खाली पांढरा, म्हणजे ताण कुठे चुकतो ते दिसावे. पहिल्या टिपेला वरच्या बाजूस पांढरे ठिपके आले. वरचा दोरा फार ताठ होता. त्याने ताणाचा स्क्रू ढिला केला, टाका लांब केला, इंचाला आठ. आता वर सारे लाल, खाली सारे पांढरे. गुंतवण मधल्या थरांत लपली. आत्याने डोळे मिटून तुकड्यावरून अंगठा फिरवला. मग कात्रीने मधला एक टाका कापला आणि दोन्ही बाजूंनी कापड ओढून पाहिले. टीप उसवली नाही. "धरून हाय," ती म्हणाली. एवढ्यात तिने तिमोनियेपासून होवपर्यंतचा सारा फरक तपासला होता, नावे तेवढी तिला ठाऊक नव्हती.

पांढऱ्या यंत्राच्या निम्म्याहून कमी पैशांत ते काळे यंत्र घरी आले. वहिनी क्षणभर हिरमुसल्या. एकवीस टाक्यांचे यंत्र शेजारणींना दाखवण्यात जी ऐट होती ती या जुन्या धुडात नव्हती. पण हप्ता निम्मा झाला हे वहीत मांडल्यावर त्यांची कळी खुलली.

* * *

या गोष्टीला आता वर्ष झाले. पॅरिसच्या शिंप्यांना वाटलेली भीती खोटी ठरली असे मी लिहिणार नाही. गावात हाताने वाकळ शिवणाऱ्या आणखी दोघीजणी होत्या. वहिनी महिन्याच्या कामात आठवडा वाचवू लागल्यावर गिऱ्हाईक इकडे वळले. त्यांतली एक आता वहिनींकडेच टाचणीचे काम करते. दुसरी शेतमजुरीला जाते. हंटच्या मुलीने जे पाहिले होते ते आमच्या आळीतही घडले. आत्याला हे लागले. तिने त्या दुसरीला दोनदा निरोप धाडला. ती अजून आलेली नाही.

आत्याचे काम मात्र गेले नाही, बदलले. कोणते लुगडे वर, कोणते आत, कुठे विरले आहे म्हणून तिथे ठिगळ, उन्हाळ्याला किती थर आणि बाळाला किती, हे यंत्राला कळत नाही, वहिनींनाही अजून नीट कळत नाही. आत्या जमिनीवर बसून नुसत्या हाताच्या अंदाजाने थर लावते. चुणी दिसण्याआधी तिच्या तळहाताला लागते. मग वहिनी पायट्यावर बसतात.

या दिवाळीला मी गेले तेव्हा दोरीवर नव्या वाकळी वाळत होत्या. एका वाकळीवर सगळीकडे यंत्राची बारीक टीप, पण अगदी कडेचा एक फेर हाताचा. टाके थोडे वेडेवाकडे, मोठे. मी विचारले, "आत्या, हा फेर हाताने का गं?"

"यंत्र गोल वळलं की कोपरा दुखतंय त्याला," ती म्हणाली. मी काही बोलले नाही. कोपरा यंत्राला मुळीच दुखत नाही, हे आता मला ठाऊक आहे.

तेवढ्यात तिने नातवाला हाक मारली. त्याने सुईत दोरा ओवून दिला, आणि ती पुढच्या वाकळीच्या कडेला लागली.